पूर्णगडची निळी गाडी

महेंद्र सरांनी गाडीवरचं कापड एका बाजूने उचललं, तशी वर साचलेली फणसाची पानं सरसरत खाली आली. दुसरी बाजू धरायला दीपक धनावडे पुढे झाला. दोघांनी मिळून कापड मागे ओढून घेतलं. खालची गडद निळी गाडी इतकी स्वच्छ होती की कुणीतरी ती सकाळीच पुसून ठेवली असावी.

"ओरखडासुद्धा नाही," सर म्हणाले. "तरी वाकून बघा. लोक आधी तेच बघतात."

दीपक गुडघ्यांवर हात टेकून वाकला. दारांच्या सांध्यांतून त्याने बोट फिरवलं, चाकांच्या आतल्या बाजूला बघितलं. जुनी गाडी घेताना काय काय तपासायचं, ते त्याने निघण्याआधी माहितगारांना विचारून ठेवलं होतं. पण वाकल्या वाकल्या त्याची नजर गाडीखालून पलीकडे गेली. कुंपणाच्या दगडी गडग्याजवळ त्याच्या मुलाचे, सागरचे बूट दिसत होते. आल्यापासून ते जागचे हलले नव्हते.

"सागर, ये ना. तूच बघ. मला काय कळतंय यातलं?"

सागर आला. पंचवीस वर्षांचा मुलगा. दाढी वाढलेली, शर्ट अंगावर सैल झालेला. त्याने गाडीच्या टपावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला.

"दोन मोटरी आहेत हिला," तो म्हणाला. "पुढे एक, मागे एक."

"जोरात पळते?"

"हो."

एवढंच, पण दीपकला तेवढंही पुष्कळ वाटलं.

सागर गणपतीला पुण्याहून घरी आला तो परत गेलाच नव्हता. सुरुवातीला म्हणाला, काम घरून करायचं आहे. मग लॅपटॉप उघडायचाही थांबला. कंपनीने काढलं की त्याने सोडलं, हे आईवडिलांना अजून नीट कळलेलं नव्हतं. तो वरच्या खोलीत असायचा. ताट वर जायचं आणि अर्धं परत यायचं. मित्रांचे फोन यायचे, ते हळूहळू येईनासे झाले.

त्याच दिवसांत दीपक आणि त्याची बायको मालन गाडी बघत होते. माळनाक्यावर दीपकचं रंगाचं दुकान होतं. डबे वाहून वाहून त्याची व्हॅन खिळखिळी झाली होती. विजेवरची घ्यावी, असं दोघांचंही ठरलं. शोरूममध्ये एक पांढरी, साधी गाडी मालनला पसंत पडली. सीट उंच होती, त्यामुळे तिच्या गुडघ्यांना बसता-उठताना त्रास होत नव्हता, आणि बॅटरीची कंपनीने हमी दिली होती. शोरूममधली मनस्वी नावाची मुलगी रोज फोन करून विचारायची, कधी येताय. जायचंच बाकी होतं.

आणि एका दुपारी सागर जिना उतरून खाली आला, वडिलांसमोर त्याने मोबाइल धरला आणि म्हणाला, "ही गाडी विकायला काढलीय. पूर्णगडला."

किती दिवसांनी तो आपणहून काही बोलला होता. दीपकने फोटो नीट बघितलासुद्धा नाही. त्याने पोराच्या चेहऱ्याकडे बघितलं.

मालनला ते पटलं नव्हतं. जुनी गाडी, तीही एवढ्या वेगाची. आपल्याला भाट्याच्या पुलावरून पावसला जायचं, नाहीतर फार तर कोल्हापूरला. वाऱ्यासारखी पळणारी गाडी कशाला हवी?

"गाडी आपल्याला हवीय की त्याला?" तिने विचारलं होतं.

"त्याला काहीतरी हवंय," दीपक म्हणाला होता, "एवढंच मला पुरे आहे."

आता तो सरळ उभा राहिला आणि हात झटकत त्याने सरांना विचारलं, "एवढी चांगली ठेवलीय. मग विकताय कशाला?"

"चालवणारं कुणी नाही आता. मी आपला दर आठवड्याला चार्ज करतो, फाटकापर्यंत नेतो, मागे आणतो. पडून राहिली की बिघडते."

"मुलगा बाहेर असतो वाटतं?"

सर कापडाची घडी घालत होते. घडी वाकडी झाली. ती त्यांनी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"किल्ली आणतो," ते म्हणाले आणि घरात गेले.

*

गाडी सागरनेच चालवली. दीपक शेजारी बसला, सर मागे. वाडीतून वर चढणारा रस्ता अरुंद होता. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि त्यांच्यावरून झुकलेली आंब्याची मोहोरलेली कलमं. तिथे तो सावकाश गेला. चढ संपला, वरचा सपाट, कातळाचा सडा लागला, आणि पुढचा रस्ता सरळ, रिकामा दिसला तसा त्याने पाय दाबला.

दीपकची पाठ सीटला चिकटली. आवाज काहीच नव्हता, फक्त वारा. दोन्ही बाजूंचं वाळून पिवळं झालेलं गवत रेघेसारखं मागे जायला लागलं. त्याने वरची कडी घट्ट धरली. भीती वाटली, पण त्याने ती दाखवली नाही. त्याने कडेने बघितलं तर सागरच्या गालांवर रंग आला होता. ओठ घट्ट मिटलेले, डोळे समोर. पुण्याला जाण्यापूर्वीचा सागर असाच दिसायचा.

घेऊन टाकू, दीपकच्या मनात आलं. काय होईल ते होईल.

सड्याच्या टोकाला, जिथून खाली समुद्र दिसतो, तिथे सागरने गाडी हळू केली आणि कडेला घेतली. नीट, रस्ता सोडून, चाकं सरळ करून लावली. तो उतरला आणि काळ्या कातळावरून थोडा पुढे जाऊन उभा राहिला.

"छान दिसतंय इथून," दीपक म्हणाला. "उतरता का, सर?"

 दीपकने मागे वळून बघितलं. सर दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसले होते आणि खिडकीबाहेर न बघता स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"त्याला बोलवा," ते म्हणाले. "चला आता घरी."

बॅटरी उतरायला लागली असेल म्हणून म्हाताऱ्याला काळजी वाटतेय, असं दीपकला वाटलं. त्याने हाक मारली. सागर लगेच वळला नाही. दुसऱ्या हाकेला वळला.

*

मालन तेव्हा सरांच्या स्वयंपाकघरात होती. मागच्या दारी हात धुवायला म्हणून ती आली आणि सरांच्या बायकोने, दीक्षाबाईंनी, तिला तिथेच बसवून घेतलं. पाट दिला, चहाचं आधण ठेवलं. बाई मालनपेक्षा थोड्या मोठ्या असतील. बोलणं कमी, पण आवाज मऊ.

"मुलासाठी घेताय गाडी?"

"हे म्हणतात मुलासाठी. मला विचाराल ताई, तर ती नवी पांढरी बरी. साधी आहे, आम्हाला पुरते." मालन थांबली. घरात कुणाजवळ बोलता येत नव्हतं, नातेवाइकांत तर नाहीच. इथे परक्या घरात तिला बोलावंसं वाटलं. "तो घरीच असतो हल्ली. कुणाशी बोलत नाही. ह्यांना वाटतं, मनासारखी गाडी आली की बाहेर पडेल, माणसांत येईल."

दीक्षाबाईंच्या हातातला साखरेचा चमचा पातेल्यावर तसाच राहिला.

"जेवतो का?"

"टाकतो अर्धं."

"रात्री जागा असतो?"

"दाराखालून उजेड दिसतो. विचारलं तर म्हणतो, पिक्चर बघत होतो."

"आपल्या वस्तू कुणाला देऊन टाकतो का? आवडीच्या?"

मालनने मान वर केली. मागच्याच रविवारी सागरने त्याचा कॅमेरा मामेभावाला देऊन टाकला होता. पहिल्या पगारातून घेतलेला कॅमेरा. पोराचं मन मोठं आहे, असं ती भावजयीला कौतुकाने म्हणाली होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

बाईंनी साखर चहात टाकली. ढवळलं नाही. गॅस बारीक केला आणि मालनच्या समोर दुसऱ्या पाटावर येऊन बसल्या.

"आम्हीसुद्धा हेच म्हणायचो," त्या म्हणाल्या. "मनासारखी गाडी आली की माणसांत येईल. सम्यकला लहानपणापासून गाड्यांचं वेड. मुंबईची नोकरी सोडून आला आणि खोलीत बसला. सर निवृत्त झाले होते नुकतेच. तोही म्हणायचा, साधी घ्या, मला नको. पण सरांनी हीच घेतली. आणली त्या दिवशी तो हसला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू."

मालनने पाट थोडा पुढे ओढला.

"मग आम्ही त्याच्याशी गाडीचंच बोलत राहिलो. चार्ज केलीस का, कुठवर जाऊन आलास, पुसलीस का. तो सगळ्याची उत्तरं द्यायचा. मला वाटायचं, बोलतोय ना, मग झालं."

"आणि?"

"वरच्या सड्यावर मिळाली गाडी. कडेला नीट लावलेली." दीक्षाबाईंनी पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. "तो नव्हता तिच्यात."

चहा उतू गेला. दोघीही उठल्या नाहीत. मग बाहेर अंगणातल्या खडीवर चाकं वाजली, आणि मालन एकदम उभी राहिली, धावत दारापर्यंत गेली. सागर गाडीतून उतरत होता. तिने चौकट धरून ठेवली.

*

पडवीत सगळे बसले. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्याखाली सरांची आरामखुर्ची. दीपक खुर्चीच्या कडेवर बसला होता. तो खुशीत होता.

"आमचं ठरलं, सर," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तेव्हा येऊन घेऊन जातो."

दीक्षाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रे त्यांनी खाली ठेवला आणि उभ्या राहूनच बोलल्या.

"गाडी विकायची नाही."

"अगं," सर म्हणाले, "मी त्यांना शब्द दिलाय."

"मी नाही दिलेला. नाही विकायची."

दीपकला आधी वाटलं, किंमत वाढवायची ही रीत असेल. तो म्हणाला, आपण बोलू, कमी-जास्त करू. बाईंनी मान हलवली. मग मात्र त्याचा आवाज चढला. दुकान बंद ठेवून आलोय, पोराने स्वतः चालवून बघितली, फोनवर सांगायला काय झालं होतं? सर आधी बायकोकडे बघत होते. मग त्यांनी सागरकडे बघितलं. त्याची वाढलेली दाढी, सैल शर्ट, जमिनीकडे लागलेली नजर. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"माफ करा," ते दीपकला म्हणाले. "नाही द्यायची आम्हाला."

दीपक चहाला हात न लावता पायऱ्या उतरला. मालनही उठली. सागर मात्र बसून राहिला. दीक्षाबाईंनी त्याच्या हातात कप दिला.

"घे, बाळा."

त्याने तो चहा पूर्ण प्यायला. पिताना तो त्यांच्याकडे बघत होता, इतका टक लावून की मालनला ते विचित्र वाटलं. कप खाली ठेवून त्याने गाडीची किल्ली कपाशेजारी ठेवली. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं. पण फाटकाबाहेर दीपकने व्हॅनचा हॉर्न वाजवला, आणि तो उठला.

*

पावस मागे पडलं तरी दीपक बोलतच होता. अशी माणसं, वेळेची किंमत नाही, दुसरी गाडी बघू, कोल्हापूरला मिळेल, पुण्याला मिळेल. सागर मागच्या सीटवर काचेला डोकं टेकून बसला होता. मालन पुढे बसली होती. गोळपच्या सड्यावर आल्यावर तिने दीपकच्या हातावर हात ठेवला.

"थांबवा जरा."

"काय झालं? मळमळतंय?"

"थांबवा म्हणते ना."

त्याने व्हॅन कडेला घेतली. मालन उतरली, मागचं दार सरकवलं आणि सागरच्या शेजारी जाऊन बसली. बसताना गुडघा दुखला, तिने ओठ आवळले.  बाहेर माळरानावर ऊन तापलं होतं. कुठेही सावली नव्हती.

"सागर," ती म्हणाली, "तुला मरावंसं वाटतं का रे?"

"काय बोलतेस गो हे!" दीपक पुढून ओरडला.

"तुम्ही गप बसा."

 आरशात दीपकला दोघांचे फक्त खांदे दिसत होते.

सागर काचेबाहेर बघत होता. त्याने नाही म्हटलं नाही. त्याने नाही म्हणावं म्हणून मालनने श्वास धरून ठेवला होता. तो तिने हळूच सोडला.

"वाटतं मधून मधून," तो म्हणाला. "आता जास्त."

मालनने त्याचा हात हातात घेतला. हात गार होता. एवढ्या उन्हात गार.

"गाडी कुणाची आहे, ते मला माहीत होतं," सागर म्हणाला. "सरांचा मुलगा, सम्यक. गेला तो. माझ्या वरच्या वर्गात होता कॉलेजला. होस्टेलवर त्याची खोली माझ्या शेजारी."

"मग तू ती गाडी..." दीपकला वाक्य पुरं करता येईना.

"गाडी नको होती मला, बाबा."

"मग कशाला नेलंस आम्हाला?"

सागरने काचेवरून नजर आत वळवली.

"त्याच्यामागे त्याचे आईबाबा कसे आहेत, ते बघायचं होतं."

 रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याच्या वाऱ्याने व्हॅन थोडी डुलली. मालनने विचारलं नाही की कसे वाटले. तिने तो हात फक्त आणखी घट्ट धरला. तिला रडू येत नव्हतं. रडायची ही वेळ नाही, एवढंच तिला कळत होतं.

"पहिल्या वर्षाला मला ताप आला होता," सागर म्हणाला. "सम्यकने तांदळाची पेज करून आणली होती. खोलीतल्या शेगडीवर. मीठ जास्त झालं होतं. म्हणाला, आई करते तशी होत नाही. त्यांना हे सांगायचं होतं मला. तिथे बसलो, चहा प्यायलो, पण तोंडातून आलंच नाही."

दीपकचा मोबाइल वाजला. समोरच्या खणात तो वाजत राहिला. दीपक त्याच्याकडे नुसता बघत होता. शेवटी मालनने सीटवरून पुढे वाकून तो घेतला.

"हां, मनस्वी. हो, तीच. पांढरी, साधी." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "नाही, आज नाही येत. उद्याही नाही. उद्या आम्हाला डॉक्टरांकडे जायचंय. मग सांगते."

तिने फोन ठेवला.  डॉक्टर कसला, कोण, असं सागरने विचारलं नाही. हात त्याने काढून घेतला नव्हता.

दीपकने खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं. मग मागे न वळता विचारलं, "वळवू का मागे, सरांकडे?"

सागरने आईकडे बघितलं.

"वळवा," सागर म्हणाला.

रस्ता अरुंद होता. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला पावसाळ्यात खचलेली साइडपट्टी. व्हॅन एका दमात वळण्यासारखी नव्हती. सागर स्वतःच दार सरकवून खाली उतरला आणि मागे जाऊन उभा राहिला.

"येऊ द्या," त्याने आवाज दिला. "येऊ द्या... अजून."

दीपकने रिव्हर्स टाकला. आरशात सागर होता, उन्हात डोळे बारीक करून हात हलवत होता. दीपकने रस्त्याकडे बघितलं नाही, साइडपट्टीकडे बघितलं नाही. तो फक्त आरशात बघत होता. व्हॅन तिरकी झाली आणि आरशात नुसता सडा उरला. पिवळं गवत आणि त्यावरचं आभाळ.

त्याने ब्रेक दाबला.  मागे मालननेही मान वळवली.

मग मागच्या पत्र्यावर दोनदा हात पडला.

"बस," सागरचा आवाज आला. "आता पुढे घ्या."